पाईप किती लांब ठेवायचा? सबवूफर बॉक्सच्या पोर्ट ट्यूनिंगचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला सिडकोत १० बाय १२ फुटांचा हॉल. १२ इंची, ४ ओहमचा सबवूफर (फक्त खालचे सूर वाजवणारा स्पीकर). त्याच्या कागदावर एफएस (स्पीकरची स्वतःची नैसर्गिक फ्रिक्वेन्सी) २९ हर्ट्झ, क्यूटीएस (स्पीकरची डोलणी किती आवरली जाते त्याचा आकडा) ०.३८, एक्समॅक्स (कोनाचा एका बाजूचा जास्तीत जास्त प्रवास) ८ मिमी, पॉवर ३०० वॅट आरएमएस (सतत झेलता येणारी). सुताराकडून १८ मिमी प्लायचा बॉक्स करून घेतला, बाहेरून ६० × ४० × ३६ सेमी. समोर ११० मिमीचा पीव्हीसी पाईप, १५ सेमी लांब, ‘सहा इंच पुरे’ या सल्ल्यावरून. आता एकच सूर घुमतो, बाकी बेस ऐकूच येत नाही. आणि आवाज वाढवला की खालच्या सुरांना कोन, म्हणजे स्पीकरचा पुढे-मागे हलणारा पडदा, फडफडतो. पाईप बदलावा, बॉक्स बदलावा की सबवूफर?

सबवूफर ठीक आहे, बॉक्सही चालेल. पाईप चुकला आहे. किती चुकला ते काढता येतं, पण त्याआधी पाईप नेमकं करतो काय ते पाहू.

बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच सूर निघतो; पोर्टचा, म्हणजे असा उघडा पाईप लावलेला, बॉक्स त्याच तत्त्वावर चालतो. पाईपमधली हवा हे वजन, बॉक्समधली हवा ही स्प्रिंग. दोन्ही मिळून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला सर्वांत जोरात डोलतात, तेच ट्यूनिंग. या फ्रिक्वेन्सीला बॉक्सच्या आतला दाब इतका वाढतो की कोन जवळजवळ जागेवर थांबतो आणि बहुतेक सगळा आवाज पाईपच्या तोंडातून येतो. ट्यूनिंगच्या वर कोन आणि पोर्ट एका दिशेने काम करतात, एकमेकांना जोड देतात. ट्यूनिंगच्या खाली गेलात की पोर्टमधली हवा कोनाच्या उलट चालते, दोघांचा आवाज एकमेकांना खातो आणि कोनाला आतून आधारच उरत नाही. तुमचा कोन फडफडतो तो याचमुळे. सीलबंद बॉक्समध्ये आवाज दर ऑक्टेव्हला (फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की एक ऑक्टेव्ह) १२ डेसिबलने उतरतो, पोर्टच्या बॉक्समध्ये ट्यूनिंगखाली २४ ने. पोर्ट फुकट बेस देत नाही; एका जागी देतो आणि त्याच्या खालचा काढून घेतो.

ट्यूनिंग ठरवणाऱ्या गोष्टी तीनच: बॉक्सची निव्वळ लिटर, पाईपच्या तोंडाचं क्षेत्रफळ आणि पाईपची परिणामी लांबी, म्हणजे हवेला तो जितका लांब वाटतो तेवढी. स्पीकर किती इंची आहे याचा या सूत्रात कुठेही संबंध नाही. म्हणून ‘१२ इंचीला सहा इंच पाईप’ हा हिशेबच नव्हे. तोच पाईप ३० लिटरच्या बॉक्सला लावला तर ६० हर्ट्झच्या वर ट्यून होईल आणि १०० लिटरला लावला तर ३४ च्या आसपास.

गोल पाईपसाठी सूत्र, सगळी मापं सेंटिमीटर आणि लिटरमध्ये:

लांबी = (२३५६२ × आतला व्यास² × पाईपची संख्या) ÷ (निव्वळ लिटर × हर्ट्झ²) − (०.७३ × आतला व्यास)

शेवटची वजाबाकी विसरली जाते आणि तिथेच गणित फसतं. पाईपच्या दोन्ही तोंडांबाहेरची थोडी हवा पाईपमधल्या हवेबरोबरच हलते, म्हणून पाईप दिसतो त्यापेक्षा लांब ‘वागतो’. एक टोक फळीशी सपाट आणि दुसरं आत मोकळं असेल तर ०.७३. दोन्ही टोकं फळीला सपाट असतील तर ०.८५, दोन्ही मोकळी असतील तर ०.६१.

आता तुमचा बॉक्स. बाहेरच्या मापातून दोन्ही बाजूंची १८ मिमी फळी वजा करा: ५६.४ × ३६.४ × ३२.४ सेमी, म्हणजे ६६.५ लिटर. यातून १२ इंची स्पीकरचं चुंबक-चौकट साधारण ३ लिटर खातं, आतल्या आधारपट्ट्या दीड लिटर धरू, पाईप स्वतः सव्वा लिटर. निव्वळ ६०.७ राहिले. पाईपचा आतला व्यास १०.४ सेमी धरला तर ट्यूनिंग येतं ४३ हर्ट्झ.

आणि तुमचा हॉल? १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये उभी राहणारी पहिली लहर ३४३ ÷ (२ × ३.६६) = ४७ हर्ट्झची. बॉक्स ४३ ला फुगवतो, खोली ४७ ला. दोन्ही उंचवटे एकमेकांवर चढलेत, वर आरसीसीच्या कडक भिंती. तुमचा तो एकच सूर यातूनच आलाय. हे फक्त इक्वलायझरने दाबायला गेलात तर घुमणं कमी होईल, पण ४० च्या खाली बेस काही उगवणार नाही.

या स्पीकरला आणि या बॉक्सला ३२ हर्ट्झ ट्यूनिंग योग्य वाटतं. चार तारांच्या बेस गिटारचा सर्वांत खालचा सूर ४१ हर्ट्झचा, पाच तारांचीचा ३१ चा; गाण्यांसाठी यापेक्षा खाली जायची गरज क्वचित पडते. फक्त सिनेमासाठी हवं असतं तर २५ च्या खाली गेलो असतो, पण त्याला बॉक्सही मोठा लागतो. ३२ धरून सूत्रात आकडे टाका (लांब पाईप जास्त जागा खातो, निव्वळ ५९ लिटर उरतात): ३४.५ सेमी. तुमच्याकडे आहे त्याच्या दुपटीपेक्षा जास्त.

इथे पहिली अडचण. बॉक्स आतून ३२.४ सेमी खोल आहे, म्हणजे समोरच्या फळीतून सरळ पाईप मावतच नाही. आणि मावला असता तरी उपयोग नव्हता: पाईपचं आतलं टोक त्याच्या पुढ्यात येणाऱ्या फळीपासून निदान एक व्यास, म्हणजे १० सेमी, लांब हवं. त्यापेक्षा जवळ आणलं की हवा कोंडते, ट्यूनिंग खाली घसरतं आणि फुसफुस वाढते.

दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग: समोरचं भोक १८ मिमी प्लायची गोल चकती फेविकॉल लावून बुजवा आणि बाजूच्या ४० × ३६ च्या फळीत नवीन भोक पाडा, स्पीकरपासून लांबच्या बाजूला. पाईप मागच्या फळीकडे सरकवा, पण मध्ये २ सेमी तरी सोडा, म्हणजे चुंबकाला अडणार नाही. आत ३३ सेमी गेला तरी पलीकडच्या बाजूपर्यंत २३ सेमी मोकळे राहतात. हे भोक खोलीच्या भिंतीला टेकवू नका. बाहेरच्या तोंडापुढेही तोच एका व्यासाचा नियम, आणि दुप्पट सोडलं तर आणखी बरं. दुसरा मार्ग ११० च्या एल्बोचा (काटकोनात वळणारा पाईपचा जोड): समोरून थोडा आत, मग एल्बो, मग वर. एल्बो चालतो, लांबी वळणाच्या मध्यरेषेवरून मोजायची. पण वळणात हवेचा आवाज थोडा वाढतो, आणि जुनं भोक तळाजवळ नसेल तर वर जायला उंची पुरत नाही. बाजूचं भोक घ्या.

पाईप विकत घेताना एक गोष्ट पाहा. नाशिकला पाईप मिळायची अडचण नाही. द्राक्षबागांचा जिल्हा, शेती-पाईपची दुकानं गल्लोगल्ली. पण ११० हा बाहेरचा व्यास. अडीच किलो, चार किलो, सहा किलो असं पाईपचं प्रेशर वाढतं तसा पत्रा जाड होतो आणि आतलं भोक लहान होतं. ड्रेनेजचा पाईप आणखी वेगळा. वर्नियर घेऊन जा, आतून मोजा. व्यास सूत्रात वर्गाने येतो: १०.४ ऐवजी १०.० निघाला तर याच ट्यूनिंगला लांबी ३१.७ येते, जवळजवळ ३ सेमीचा फरक. जाड पाईप घेतलेला बरा, पातळ पाईप स्वतःच थरथरतो.

पाईपचा व्यास पुरेसा आहे का, हा वेगळा हिशेब. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी आणि पुढे ७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी या बॉक्सचं गणित पक्कं केलं. स्पीकरच्या कागदावरचे ‘थील-स्मॉल’ आकडे ते हेच. स्मॉल यांचा ठोकताळा: किमान व्यास (मीटर) = √(ट्यूनिंग × कोनाने ढकललेली हवा, घनमीटरमध्ये). १२ इंची कोनाचं क्षेत्रफळ साधारण ४९० चौसेमी, ८ मिमी प्रवास, म्हणजे ३९२ घनसेमी हवा. उत्तर ११.२ सेमी. तुमचा १०.४ जरा कमी पडतो. पूर्ण ३०० वॅटला खालच्या सुरांत पाईप फुसफुसेल. दीडशे वॅटपर्यंत सिडकोतल्या हॉलमध्ये जाणवणार नाही, आणि त्याच्या वर शेजारी तसंही येतील.

मग १४० चा पाईप का नाही? कारण मोठ्या तोंडाला लांबीही मोठी लागते. आतून १३.२ सेमीच्या पाईपला ३२ हर्ट्झसाठी ६० सेमीच्या पुढे लांबी येते, आणि तो पाईपच आठ-दहा लिटर गिळतो. लिटर कमी झाले की लांबी आणखी वाढते. ‘मग ११० चे दोन लावू’ हा सल्लाही बाजारात सर्रास मिळतो. दोन पाईप त्याच लांबीचे लावले तर ट्यूनिंग १.४१ पटीने वर जातं, ३२ चं ४५ होतं, म्हणजे जिथून निघालात तिथेच परत. दोन पाईपनी ३२ च ठेवायचं तर प्रत्येकी ७५ सेमीच्या वर लागतात. शिवाय लांब पाईप बासरीसारखा स्वतःचा सूरही धरतो: ३५ सेमीचा ४०० हर्ट्झच्या वर, सबवूफरच्या हद्दीबाहेर, ७५ सेमीचा २०० च्या आसपास, तिथे तो क्रॉसओव्हरमधून (वरचे सूर सबवूफरकडे जाऊ न देणाऱ्या फिल्टरमधून) डोकावू शकतो. तोंडाची धार गोल करणं हा यापेक्षा स्वस्त उपाय. पाईप फळीच्या पाठीमागे सपाट बसवा आणि फळीतल्या भोकाला राउटरने १२ मिमी त्रिज्येची गोलाई द्या; अंबड-सातपूरला प्लाय कापून देणाऱ्यांकडे हे बिट असतं. आतल्या टोकालाही निदान सॅंडपेपरने धार मारा.

चौकोनी फटीचा पोर्ट, ज्याला स्लॉट म्हणतात, तोही याच गणिताने निघतो: लांबी = ३०००० × चौसेमी ÷ (लिटर × हर्ट्झ²), आणि टोकाची वजाबाकी. फक्त तो बॉक्सच्याच भिंती वापरत असल्याने आतलं टोक मोकळं नसतं, त्यामुळे परिणामी लांबी गोल पाईपपेक्षा जास्त निघते आणि ट्यूनिंग सूत्रापेक्षा एक-दोन हर्ट्झ खाली येतं. फट फार चपटी करू नका. रुंदी उंचीच्या आठपटीपुढे गेली की घर्षणातच बेस मरतो. स्लॉट नंतर कापता येत नाही, म्हणून पहिल्या बॉक्सला पाईपच बरा.

पाईप सुरुवातीला ३४.५ नव्हे, ३८ सेमी कापा. सूत्र जवळ नेतं, मोजमाप जागेवर आणतं. स्पीकरची आणि पट्ट्यांची जागा अंदाजाने धरली आहे, मागची फळी पाईपच्या जवळ आहे, आत अस्तर आहे. हे सगळं मिळून एक-दोन हर्ट्झ इकडे-तिकडे होणारच, आणि बहुधा खाली. लांब पाईप कापता येतो, आखूड वाढवायला कपलर शोधावा लागतो. या टप्प्यावर १ सेमी म्हणजे साधारण ०.४ हर्ट्झ, त्यामुळे घाई नको. पाईप तात्पुरता बसवा, फट पुट्टीने किंवा इन्सुलेशन टेपने हवाबंद करा आणि मोजा.

मोजायची पद्धत अशी. ॲम्प्लिफायर आणि स्पीकरच्या मध्ये १०० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर एका तारेत जोडा. मोबाईलवर टोन जनरेटर ॲप, ऑक्सची तार ॲम्पला. बेस बूस्ट शून्य, सबसोनिक फिल्टर (अगदी खालचे सूर कापणारं) बंद, लो-पास (वरचे सूर कापणारं) पूर्ण वर. ॲम्पच्या टोकांवर ५ व्होल्ट एसी येईल एवढाच आवाज ठेवा. आता मीटर स्पीकरच्या टोकांवर लावा आणि २० पासून ७० हर्ट्झपर्यंत एकेक हर्ट्झ वर जा, आकडे वहीत लिहा. व्होल्टेज चढेल, उतरेल, पुन्हा चढेल. दोन शिखरांमधल्या दरीचा तळ म्हणजे तुमचं ट्यूनिंग. सध्याच्या पाईपवर ही दरी ४३ च्या आसपास सापडली पाहिजे. आधी तेच तपासा, म्हणजे तुमची मोजणी बरोबर आहे हेही कळेल.

यात दोन खोडी आहेत. सर्वांत स्वस्त पिवळ्या मीटरची एसी रेंज २०० व्होल्टपासून सुरू होते आणि तो ०.१ व्होल्टच्या खाली पाहू शकत नाही. इथे दरीत जेमतेम ०.२ व्होल्ट असतात आणि शिखरावर एकच्या आसपास. २ व्होल्ट एसी रेंजचा किंवा ऑटोरेंज मीटर घ्या. दुसरं, काही ॲम्पमध्ये खालच्या सुरांना कापणारं फिल्टर आतच असतं आणि ते बंद होत नाही. म्हणून दर पाच हर्ट्झला ॲम्पच्या टोकांवर ५ व्होल्ट टिकून आहेत ना ते पाहा. कमी झाले असतील तर तेवढे वाढवून घ्या. लॅपटॉप आणि साउंड कार्ड असेल तर आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर हाच आलेख काही सेकंदांत काढतं.

मीटरच नसेल तर रेझिस्टर काढून, मध्यम आवाजात टोन लावा आणि डस्ट कॅपवर (कोनाच्या मधल्या टोपीवर) बोट हलकेच टेकवा. फ्रिक्वेन्सी खाली आणताना कोनाची थरथर कमी-कमी होत एका जागी जवळजवळ थांबते, त्याच वेळी पाईपच्या तोंडापुढे धरलेली कागदाची पट्टी सर्वांत जोरात हलते. त्याच्याही खाली गेलात की कोन एकदम लांब उड्या मारू लागतो. डोळ्याने आणि बोटाने एक-दोन हर्ट्झच्या आत जागा सापडते. आवाज मात्र आवरता ठेवा, नाहीतर व्हॉइस कॉइल (कोनाला जोडलेलं तारेचं वेटोळं) आत आपटेल.

दरी उथळ आणि पसरट दिसली तर बॉक्स गळतोय. ३० हर्ट्झचा टोन लावून पेटती उदबत्ती सांध्यांवरून, टर्मिनलच्या डबीभोवती आणि स्पीकरच्या फ्रेमखालून सावकाश फिरवा. जिथे गळती आहे तिथे सरळ चढणारा धूर अचानक तुटक-तुटक थरथरतो. बहुतेक वेळा गुन्हेगार टर्मिनलची डबी असते; स्क्रू चार असतात, खाली गॅस्केट नसतं. सांध्यांना आतून फेविकॉल आणि लाकडी भुश्शाचा लेप, डबीला सिलिकॉन. सिलिकॉन लावलं तर एक दिवस तरी स्पीकर बाहेर ठेवा. वाळताना सुटणारी ॲसिडची वाफ आत कोंडली की तारांना आणि फोमला चांगली नाही.

आतलं अस्तर म्हणून २५ मिमी पॉलिफिल (उशीत भरतात तसा पॉलिस्टरचा कापूस) बाजूंच्या आणि मागच्या फळ्यांना लावा, पाईपच्या आतल्या तोंडाभोवती एक वीत मोकळी ठेवा. पूर्ण बॉक्स कापसाने भरायचा प्रकार सीलबंद बॉक्ससाठी आहे. पोर्टच्या बॉक्समध्ये तो केला की पाईपमधल्या हवेचा दमच निघतो. पाल किंवा उंदीर आत जाईल म्हणून तोंडावर बारीक जाळी बसवण्याचीही सवय आहे. जाळीतून हवा शिट्टी घालते. बसवायचीच असेल तर मोठ्या डोळ्यांची घ्या आणि तोंडापासून दोन-तीन सेमी बाहेर ठेवा.

नाशिकच्या हवेबद्दलही विचारलं जातं. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीमुळे हवा थोडी विरळ, पण त्याने ट्यूनिंग बदलत नाही: वजन आणि स्प्रिंग दोन्ही एकाच प्रमाणात हलके होतात. तापमानाने मात्र बदलतं, कारण आवाजाचा वेग बदलतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडची थंडी १० अंशांखाली उतरते, एप्रिल-मेमध्ये ४० गाठतं. ३२ चा बॉक्स या दोन टोकांत साधारण ३१.४ ते ३३ हर्ट्झ फिरतो. कानाला कळत नाही. थंडीत बेस सुका वाटतो तो स्पीकरचं रबर आणि स्पायडर (कोनाला मागून धरणारी घड्यांची जाळी) कडक झाल्याने, पाच-दहा मिनिटं वाजला की सैल पडतं. खरी काळजी पावसाळ्याची. एमडीएफ वापरला असेल तर कापलेल्या धारा, विशेषतः पोर्टच्या भोकाच्या, सॅंडिंग सीलरचे दोन-तीन हात देऊन बंद करा, नाहीतर जुलैत फुगतात आणि पाईपभोवती फट पडते.

दरी ३२ वर आली की पाईप कायमचा बसवा: फळीजवळ एपॉक्सी किंवा एम-सील, आणि आतल्या टोकाला आधारपट्टीवरून एक पट्टा. ३५ सेमीचा पाईप एकाच टोकावर लटकत ठेवला तर काही महिन्यांत खडखडायला लागतो आणि लोक दोष स्पीकरला देतात.

मग ॲम्प. सबसोनिक फिल्टर २६ हर्ट्झवर, म्हणजे ट्यूनिंगच्या साधारण ०.८ पट, २४ डेसिबलचा उतार मिळत असेल तर तोच. हे फिल्टर नसलेल्या ॲम्पवर पोर्टचा बॉक्स पूर्ण आवाजात वाजवू नका. कोन वाचवणारं दुसरं काही नाही. लो-पास ८० ला. कार-ॲम्पवरचा बेस बूस्टचा खटका बहुधा ४५ हर्ट्झवर असतो, अगदी तुमच्या खोलीच्या उंचवट्यावर. तो शून्यावरच राहू द्या. इक्वलायझर असेल तर ४७ ला ४-६ डेसिबल कमी करा, पट्टा अरुंद ठेवून. ट्यूनिंग बाजूला गेल्यामुळे आता हा कट उपयोगी पडेल. शेवटी बॉक्स १२ फुटांच्या भिंतीच्या मधोमध आणि मग कोपऱ्यापासून फूट-दीड फूट दूर, अशा दोन-तीन जागी ठेवून सोफ्यावरून ऐका.

हाच बॉक्स पुढे गाडीच्या डिकीत टाकणार असाल तर ३२ चालेल. छोट्या केबिनमध्ये खालचे सूर आपोआप चढतात. गणेशोत्सव मंडळाच्या १८ इंची स्पीकरना मात्र हे आकडे लावू नका. तिथे ३८ ते ४२ ट्यूनिंग आणि ३५ ला २४ डेसिबलचं हाय-पास (त्याखालचे सूर कापणारं फिल्टर) ठेवतात, कारण उघड्या मैदानात भिंतींची मदत नसते आणि स्पीकरला तासन्‌तास पूर्ण पॉवर झेलायची असते.